ती बसेपर्यंत

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमचा संताप आला आहे आणि तो गिळायची माझी मुळीच इच्छा नाही. सरकारने तुम्हाला चीज बनवायला शिकण्यासाठी फ्रान्समधल्या एका इवल्याशा खेड्यात पाठवलं होतं. पुढे जन्मभर दिल्लीच्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर, ते गाव पुन्हा पुन्हा वाढलं जायचं. दुपारी चर्चची घंटा वाजते. बेकरीवाला दार ओढून घेतो, पोस्टमन सायकल भिंतीला टेकवतो, शेतावरची माणसं चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर काढतात. सगळं गाव घरी जेवायला. मग तुमचा आवडता भाग यायचा: जिने रांधलं ती बाई खुर्चीवर बसेपर्यंत कुणी चमच्याला हात लावत नाही. सूप गार झालं तरी चालेल! "याला म्हणतात संस्कृती," तुम्ही म्हणायचात. ऑफिसातले पाहुणे माना डोलवायचे, "वाह साहब, बिल्कुल सही बात है." आणि लगेच तुम्ही स्वयंपाकघराकडे वळून हाक मारायचात, "अगं, गरम पोळी आण!"

घास कसा अडकला नाही हो तुमच्या घशात? इतक्या लांब जाऊन इतकं बारकाईने पाहून आलात आणि भिंतीपलीकडे तव्यापाशी उभी असलेली बायको दिसली नाही? ती सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानेच, गार वरणभात जेवायची. तिच्यासाठी त्या घरात कधी कुणाचं काही गार झालं नाही.

आई आता माझ्याकडे असते, दिल्लीतच, द्वारकेला. आज दुपारी तिला दटावून आधी जेवायला बसवलं. मी पोळ्या करत होते. ती म्हणाली, "ते फ्रान्सच्या गावाचं सांग ना. घंटा वाजायची, तिथपर्यंत माहितीये. पुढचं कधी नीट ऐकलंच नाही, माझा तवा तापलेला असायचा."

मी सांगितलं. "सगळे थांबायचे? तिच्यासाठी?" तिने दोनदा विचारलं. मग हातातला घास ताटात परत ठेवला आणि माझ्याकडे बघत बसून राहिली. मी गॅस बंद केला.

हे पत्र कुठे पाठवणार! पण एक सांगते. गोष्ट सांगताना त्या गार सुपापाशी येऊन तुम्ही जसे जरा थांबायचात, तशीच आज आईला सांगताना मीही थांबले होते. फार छान सांगायचात तुम्ही, बाबा. त्याचाच जास्त राग येतो.