भुशाच्या पंख्यासकट कारखाना सुनेला

मी, पार्वती चिंधू तरे, वय चौसष्ट, राहणार कामतघर, भिवंडी, लिहून ठेवते की मला साखरेचा आजार असला तरी डोके ठिकाणावर आहे आणि हा कागद मी माझ्या मर्जीने करीत आहे. दबाव आणायला माणसे आली होती, त्यांची हकिगत खाली दिली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि देव्हारा माझा एकुलता मुलगा मनोज याला मिळावा.

२. घरामागची शेड माझ्या नावाच्या खरेदीखताची आहे. ती करवत, घासायची मशीन व मोटारींसह माझी सून मृणाली मनोज तरे हिला एकटीला मिळावी.

या शेडमध्ये माझे पती लूमवर आडवे सूत नेणारे लाकडी धोटे बनवीत. धोटा खरबरीत राहिला तर सूत तुटते, म्हणून घासकाम फार, आणि त्याचा भुसा पिठाहून बारीक. तो वर्षानुवर्षे त्यांच्या छातीत गेला. खोकून खोकून ते वारले. डॉक्टर म्हणाले, लाकडाची धूळ.

दिवसकार्य उरकताच थोरले दीर केसरीनाथ म्हणाले, "पार्वती, बंद कर ह्या. जागा लूमवाल्याला इक, आरामात बस."

मी म्हणाले, "धुळीनं नेला त्यांना. धूळ बाहेर काढीन, कारखाना न्हाय."

३. सुताला खळ लावणाऱ्या, बंद पडलेल्या एका सायझिंग कारखान्याचा पंखा मी भंगारातून आणला. प्रत्येक मशीनच्या तोंडाशी पाइप लावून तो झाकणाच्या पिंपात सोडला. पंख्याच्या ओढीने आलेला जाड भुसा पिंपात पडतो, बारीक पुढे कापडी पिशवीत अडकतो. पहिल्याच दिवशी पिशवी फाटली आणि शेजारच्या द्रौपदी रोकडे यांच्या सुक्या बोंबलांवर भुसा बसला. त्या भांडायला आल्या, आणि त्यांचे बरोबर होते. मनोज हसला. मृणालीने फाटके कापड हातात घेतले आणि ती म्हणाली, "आई, ह्या पातळ हाय. दुहेरी मांजरपाट लावू." तिने तशी पिशवी शिवली. ती टिकली.

तोवर मी तिला मशीनपाशी येऊ दिले नव्हते. एक माणूस त्या धुळीला दिला होता, दुसरा देणार नव्हते. पिशवी टिकल्यावर मीच तिला बोलावले. आज तिचा धोटा माझ्यापेक्षा साफ निघतो.

४. केसरीनाथ भावकीला घेऊन आले. बाईमाणसाने असले मशीन चालवायचे नाही, गल्लीला त्रास होतो, असे म्हणाले. सगळे पांढऱ्या सदऱ्यात होते. मी त्यांना शेडमध्ये उभे केले, पंखा चालू केला आणि मृणालीला धोटे घासायला लावले. काम झाल्यावर मी म्हणाले, "आता सदऱ्यावरून हात फिरवा." हात स्वच्छ निघाले. द्रौपदीबाई दारातून म्हणाल्या, "गल्लीचं नाव कोणी घेतलं? मला विचारलं का?"

केसरीनाथ म्हणाले, "आज साफ हाय. उद्याचा कोन सांगल?"

"उद्या बी या," मी म्हणाले. ते आले नाहीत. त्यांना माझ्यामागे काहीही देऊ नये, आणि शेडबाबत त्यांचा सल्लाही घेऊ नये.

५. मृणालीला अट एवढीच. पंखा चालू केल्याशिवाय लाकडाला हात लावू नये. पिशवी रोज अंगणात, नाकाला फडके बांधून पोत्यात झटकावी. झाडूने भुसा उडवू नये. पिंपाजवळ विडी ओढणारे गिऱ्हाईक असो वा भाऊबंद, त्याला बाहेर घालवावे. बारीक भुसा भडकतो. मी गेले म्हणून काम थांबवू नये.

६. हा मसुदा मी मनोजला वाचून दाखवला.

तो म्हणाला, "आये, बापाचा कारखाना सुनेला?"

"बापाचा खोकला तुला हवा का? तो बी लिवते."

त्याने मसुदा हातात घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाला, "लिव, तुला लिवायचा तसा." हे शब्द त्याच्यासमोरच येथे उतरवले आहेत. उद्या काका त्याला कोर्टात जायला शिकवतील, तेव्हा त्याने आधी हे कलम वाचावे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही : पार्वती चिंधू तरे

साक्षीदार :
१. द्रौपदी वाल्मीक रोकडे, शेजारी
२. भाविक दामोदर भोईर, कामतघर

ठिकाण : कामतघर, भिवंडी, जि. ठाणे
दिनांक : १४ मार्च २००७