आमच्या घरास खानावळ ठरविल्याबाबत

प्रति,
मा. कर अधिकारी,
घरफाळा विभाग, कोल्हापूर.

विषय : निवासी घराची खानावळ व लॉज अशी झालेली नोंद रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपली वाढीव घरफाळ्याची नोटीस, दि. १२ मे २०२५.

महोदय,

मी खाली सही करणार इलाही बाबालाल नदाफ, वय ६८, निवृत्त गादी कारागीर. राजारामपुरीच्या मागील गल्लीत माझे तीन खोल्यांचे घर असून त्याचा घरफाळा मी एकतीस वर्षे मुदतीत भरत आलो आहे. यंदा तो चौपट आला आहे. चौकशी केली असता, वापर बदलला की दर बदलतो, असे खिडकीवर समजले. वापर कसा बदलला ते पुढे नम्रपणे मांडतो.

१) रविवार दि. २० एप्रिल रोजी दुपारी एक वाजता आपले मोजणीदार श्री. कृष्णात आले. त्या वेळी माझी मुलगी सबिना, तिच्या सासरची मंडळी व शेजारी सयाजी असे चौदा जण जेवत होते. माझी पत्नी अमीरबी त्यांना म्हणाली, "पावणं, फीत ठेवा बाजूला. हात धुवा आधी." ते जेवले. पांढरा रस्सा त्यांनी तीनदा घेतला.

२) उठताना त्यांनी "किती झाले?" असे विचारले. आम्हाला ती थट्टा वाटली, म्हणून सगळे हसलो. तेव्हा त्यांनी दोनशे रुपयांची नोट माझी सहा वर्षांची नात हुस्ना हिच्या हातावर ठेवली. पोरीच्या हातावर पाहुणा खाऊला पैसे ठेवतोच, म्हणून आम्ही हरकत घेतली नाही. ते मात्र तिला गल्ल्यावर बसलेली समजले. नोंदवहीत शेरा पडला : "खानावळ. रोखीने."

३) या शेऱ्यास मी आपल्या कार्यालयात हरकत घेतल्यावर दि. ६ मे रोजी फेरतपासणीस श्रीमती अनुजा मॅडम आल्या. वेळ पुन्हा जेवणाचीच होती. "न्हाय म्हणू नका, भाकरी गरम हाय," असे अमीरबीने सांगितल्याने त्याही बसल्या. ऊन फार असल्याने नंतर गादीवर घटकाभर टेकल्या. धंदा गादीचा असल्याने घरात पाहुण्यांसाठी अकरा गाद्या आहेत. त्यांचा शेरा : "भोजन आजही सुरू आढळले. दर्जा उत्तम. निवासाचीही सोय आहे."

४) तेव्हापासून अमीरबी कोणाला बस म्हणत नाही. गेल्या शुक्रवारी तिचा सख्खा भाऊ मोहसीन गारगोटीहून आला. जेवून आलास का, असे तिने त्याला उंबऱ्यातच विचारले. तो हो म्हणाला आणि चहा घेऊन परत गेला. तो जेवून आला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. मला लाज वाटली. ती त्या रात्री जेवली नाही.

५) सबब विनंती की, नोंद पूर्ववत निवासी करावी, आणि घरी आलेल्या माणसाला जेवू घातल्याने घराचा वापर बदलत नाही, असे आपल्या सहीशिक्क्याने लेखी द्यावे. माझे तोंडी सांगणे अमीरबी आता मानत नाही. कागद मिळताच मोहसीनला फोन करायचा आहे.

६) पुन्हा पाहणी करणे असल्यास आपण स्वतः यावे. जेवणे उरकल्यावर, म्हणजे साडेतीननंतर यावे, असे मी आधी लिहिले होते. अर्ज वाचून दाखवल्यावर अमीरबीने ते खोडायला लावले.

घरफाळा मुदतीत भरणारा,
इलाही बाबालाल नदाफ
(सही)
दि. १९ मे २०२५

सोबत :
१. नोटिशीची छायाप्रत.
२. घरगुती वापराचे वीजबिल.
३. दोनशे रुपयांची नोट, मूळ. हुस्नाने ती कंपासपेटीत जपून ठेवली होती. कृपया श्री. कृष्णात यांना दाखवावी. जेवणाचे होते म्हणाले तर त्यांनी ठेवून घ्यावी. खाऊचे म्हणाले तर पोरीला परत पाठवावी. ती रोज विचारते.