दहा मिनिटं आणि सतरा शाली

सातारा, ८ फेब्रुवारी १९९६
पहाटे जाग आली ती औंधच्या शाळेच्या आवाजानं. साठ पोरं एका सुरात कविता म्हणतायत, वर पत्रा घुमतोय, मी टेबलावर छडीनं ताल धरलाय. चाळीस वर्षं झाली त्याला. उठून बसलो तर नात वैशाली चहा घेऊन उभी. "आजोबा, झोपेत कुणाला शिकवताय?"

परवा दोघांनी सांगलीला जायचं. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची संध्याकाळ. परराष्ट्र खात्यात, वकिलातींत गेलेली आपली माणसं येणार. निमंत्रणपत्रात स्वच्छ लिहिलंय, प्रत्येक विद्यार्थ्याला पाहुण्यांशी दहा मिनिटं बोलता येईल. वै.ला कांबळेबाईंना भेटायचंय. मूळ कुंडलच्या, आता युरोपात वकिलातीत अधिकारी. परराष्ट्र सेवेची परीक्षा द्यावी, की पाटणच्या शाळेतली नोकरी धरावी? पाटणला मंगळवारी होकार द्यायचाय. घरात तिला कोण सांगणार? मला जिनिव्हा फक्त नकाशात दाखवता येतं.

११ फेब्रु.
सकाळी परत आलो. संताप, नुसता संताप.

पाचची वेळ. सव्वासहाला समई पेटली. मग सत्कार. पाहुण्यांचा करा ना! पण कारखान्याचे संचालक, नगरसेवक, मांडववाला? सतरा शाली मोजल्या. जगभर वावरलेल्या बाई मांडीवर नारळ घेऊन बसून. तिसऱ्या रांगेत वै., वहीत प्रश्न लिहून आणलेले.

वै.च्या विभागप्रमुखांना गाठलं. "पोरांच्या भेटी कधी?"
"आवं सर, ह्यांना डावललं तर पुढच्या साली हॉल कोण देणार? दमानं घ्या जरा."

शेजारी एक जैन शेतकरी, लेकाला घेऊन आलेले. म्हणाले, "मास्तर, आमच्यात लग्नाला बी एवढं टोपी-टॉवेल न्हाईत!"

भेटी झाल्याच नाहीत. पोरांना वेफर्स देऊन वाटेला लावलं. नालायक लेकाचे. बाकीचं आज लिहवत नाही.

१२ फेब्रु.
लिहिलंच पाहिजे.

अठरावी शाल माझी. सर्वांत वयस्क माजी विद्यार्थी म्हणून. (मास्तरकी सांभाळून बाहेरून एम.ए. केलं होतं, ते कुणीतरी शोधून काढलं.) "दोन शब्द बोला" म्हणाले. मी शाळेतली कविता धरली. टाळ्या पडल्या, म्हणून दुसरी. मग तिसरी, डोळे मिटून. ते उघडले तेव्हा बाईंची गाडी दारात. वै. मंचाच्या पायरीशी पोचली होती, तेवढ्यात संचालकांनी बाईंना फोटोला ओढलं. आणि गेल्या त्या.

एस.टी.त कराड आल्यावर वै. म्हणाली, "छान म्हटलंत आजोबा." ओरडली असती तर बरं झालं असतं.

विभागप्रमुखाला शिव्या देत होतो त्या अख्ख्या वाटेत शाल माझ्या खांद्यावरच होती.

१३ फेब्रु., मंगळवार
वै. सकाळच्या गाडीनं पाटणला गेली. म्हटलं, "थांब, मी बाईंना पत्र लिहितो."
"पत्र पोचेस्तोवर जागा थांबती व्हय, आजोबा?" हसून म्हणाली. ते हसू बघवलं नाही.

विभागप्रमुखांना खरमरीत पत्र लिहायला घेतलं. महोदय, आपण सत्कार केलेत, पण ज्यांच्यासाठी

दारावर थाप. उघडलं. बाहेर गाडी, पायरीवर कांबळेबाई! सांगलीला नेसलेली भारी साडी आज नाही, पायांत साध्या चपला, हातात वहीचं फाडलेलं पान. अक्षर वै.चं. फोटोच्या त्या गर्दीत पोरीनं कधी दिलं कोण जाणे, मला बोलली नाही. खाली आपला पत्ता.

"कुंडलला घरी जाऊन आले, आता पुण्याला निघालीय. पोरगी कुठाय? लय नेमकं विचारलंय तिनं."

मी सांगितलं. पाटण, होकार, आजच. सांगताना मान वर होईना.

बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मग उभं काय राहिलायसा मास्तर? बसा गाडीत. शाळा तुमीच दावायची."

चष्मा घ्यायला आत आलो आणि हे लिहीत बसलोय. वै.ची एस.टी. एव्हाना उंब्रजच्या पुढं गेली असेल. बाहेर हॉर्न