अर्धी उघडी काच

रविवार, संध्याकाळ

आईला जाऊन वर्ष झालं, म्हणून आज पुन्हा आमची नेहमीची फेरी. आधी हरवळ्याचा धबधबा, मग नार्व्याचं देऊळ. गुडघ्यांमुळे आई धबधब्यापाशी कधी उतरलीच नाही. देवाचे नारळ-केळी सांभाळत, उकडू नये म्हणून काच अर्धी खाली करून गाडीत बसून राहायची.

आज बाबा तिच्या बाजूची काच अर्धी खाली ठेवूनच उतरले. मी म्हटलं, "बाबा, काच?"

"आसूं दी. तिका गरम जाता," म्हणाले, आणि तिथेच थबकले. मग काच वर केली.

देवळात हात जोडले, तरी डोळ्यांसमोर ती काचच. आम्ही भिजून यायचो, ती त्या काचेतून टॉवेल द्यायची. चल, मी हात धरते, असं एकदाही का म्हटलं नाही मी?

धबधब्याच्या पायऱ्या तशा काही फार नाहीत.