सुकेळी, निव्वळ पाचशे ग्रॅम

२८ फेब्रुवारी १९७९, राखेचा बुधवार
कपाळावर राख, मनात निश्चय. उपवासकाळात लोक मटण सोडतात. मी इंच, फूट, शेर आणि डझन सोडले. बावीस वर्षं शाळेत मेट्रिक शिकवलं, तरी आमच्या सांडोर गावात अजून दूध शेरावर! आता रिटायर झालोय, घरापासून सुरुवात. मटणाचं नंतर बघू.

४ मार्च
मेव्हणा कॉन्रॅडचं कुवेतहून पत्र. तिथला व्यापारी आमची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेईल म्हणतो. आधी नमुना: चाळीस पुडे, प्रत्येकी बरोबर पाचशे ग्रॅम. मुंबईचा एजंट तपासणार. पास झालं तर दर हंगामाला ऑर्डर. चर्चमधल्या मिस्सानंतर अख्ख्या गावाला सांगून टाकलं. आता माघार नाही.

९ मार्च, दुपार
राजेळी केळी सोलून उन्हात घातली, त्याला तीन दिवस झाले. नव्या तराजूवर तोलून चाळीस ढीग लावले. लेबलंही लिहिली. बायकोचं, सालोमीचं म्हणणं, अजून चार उन्हं हवीत, वाळली की मग तोला. तिचं स्वतःचं माप काय, तर अंगठ्यानं दाबून बघायचं आणि पंधरा नग बांधायचे. पंधरा हे काय माप झालं? ग्रॅम तो ग्रॅम, आज काय नि मंगळवारी काय.

१३ मार्च
आणखी चार उन्हं दिली आणि ढीग जसेच्या तसे केळीच्या सुक्या पानांत बांधले. जरा बसल्यासारखे वाटतात. पुन्हा तोलले नाहीत. एकदा तोललेलं पुन्हा तोलणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. फार थकलो. पाठ इंचभर हलत नाही. म्हणजे अडीच सेंटिमीटर.

१६ मार्च
पुडे घेऊन मुंबईला गेलो. एजंटच्या घरच्यांसाठी सालोमीनं आपला एक पुडा दिला होता. त्याला लेबल नाही. लाज वाटली म्हणून पिशवीत तळाशी घातला.
एजंटनं माझा पहिला पुडा तोलला. तीनशे नव्वद. दुसरा, तीनशे पंच्याऐंशी. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. खात्रीसाठी त्यानं पिशवीतला तळचा पुडा काट्यावर टाकला. पाचशे. कुणी बांधला विचारलं, तेव्हा बायकोचं नाव सांगावं लागलं.
वाईट वाटलं, खरंच.

२ एप्रिल
ऑर्डर आली! सौ. सालोमीच्या नावानं. टायपिस्टची चूक असणार.

१७ एप्रिल
ईस्टर झाला. मटण तसंही मध्ये तीनदा खाल्लं होतं.
सालोमीनं काम दिलंय. तिनं दाबून पास केलेली सुकेळी पंधरा-पंधरा मोजून द्यायची. लेबलं जुनीच चालतील म्हणाली, आता ती खरी ठरतील.
सकाळपासून मोजतोय. दोनदा चुकलो.