उरलेला तुकडा

११ फेब्रुवारी

चि. प्रोफेसर यास,
अ. उ. आ. (सवयीने.)

रविवार, दि. ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते. तुला पुरावे लागतात. त्या मिनिटाला थोरलीच्या जेवणाच्या टेबलावर तू माझ्या हातून दोन पाकिटं फोडून घेतलीस.

आधी दोघी बहिणींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंस. खुब्याचं हाड मोडल्यापासून मला एकटीने राहता येत नाही, तर आईला ठेवणार का, हो की नाही, एवढंच लिहायचं. दोघींचं हो आलं तर सहा-सहा महिने. एकीचंच आलं तर मी कायमची तिच्या गळ्यात. दोघींचं नाही आलं तर वृद्धाश्रम. मला वाटलं, रविवारचा विरंगुळा; चष्मा शोधून आणला मी!

दोन्ही चिठ्ठ्यांवर नाही. धाकटीचं अक्षर अजून इतकं गिचमिड की तिचं मला दोनदा वाचावं लागलं. तू ‘अपेक्षेप्रमाणे’ एवढंच पुटपुटलास आणि वहीत टिपून घेतलंस. थोरलीने मला चहात साखर किती, असं विचारलं. तीन महिने तिच्या घरी चहा पितेय मी.

कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या छड्या खाल्ल्या, पुढे चौतीस वर्षं स्वतः शिकवलं. पण कुणाला त्याचीच नापासाची गुणपत्रिका मोठ्याने वाचायला लावली नाही. खुलासा कर.

तुझी,
आई

१५ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

पत्र पोचलं. तुझा राग समजू शकतो, पण तो चुकीच्या माणसावर आहे. खरं तर कुणावरच नको. ताई आणि धाकटी वाईट नाहीत. दुसरी नाही लिहील आणि आपण एकटी अडकू, ही दोघींची भीती. अशा वेळी प्रत्येकीने स्वतःपुरतं शहाणपण केलं की सगळ्यांचं नुकसान होतं. यावर मी वीस वर्षं शिकवतोय. मनातलं होतं ते फक्त कागदावर आलं.

मी स्वतः चिठ्ठी का लिहिली नाही, असं धाकटीने मला फोनवर विचारलं. खेळ आखणारा खेळत नसतो.

वृद्धाश्रमाचा अर्ज सोबत आहे. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर. आणि हे उदाहरण, नाव न घेता, वर्गात सांगितलं तर तुझी हरकत नसावी.

प्रकृतीस जपावे.

तुझा,
प्रोफेसर

१८ फेब्रुवारी

चि. प्रोफेसर यास,
आशीर्वाद तुझ्या उत्तरानंतर.

वर्गात खुशाल सांग, पण अर्धवट सांगू नकोस. तुम्ही तिघं एका कलिंगडावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायचात, तेव्हा मी घरात एक नियम केला होता: कापेल त्याने शेवटी उचलायचं. तू तर फूटपट्टी लावून कापायचास, कारण उरलेला तुकडा तुझा असे. तुझी सगळी विद्वत्ता त्या कलिंगडातून उगवली आहे, बाळा.

या वेळीही सुरी तुझ्याच हातात होती. बहिणींनी आपापलं उचललं. दोघींनी मोकळीक उचलली. आता ताटात एकच तुकडा उरलाय. जुना आहे, लंगडतो, जीभ तिखट आहे. नियमाने तो तुझा.

दोघींना याच्या नकला दिल्या आहेत. घरचा नियम त्यांना पाठ होता. थोरलीने तर तुझ्या घरी माझं सामान कुठल्या खोलीत लावायचं, असंही विचारून घेतलं. अर्ज परत पाठवते. फुली खोडरबराने पुसली आहे.

मला न्यायला किती वाजता येतोस ते कळव. येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही, खाली सही कर. ते पत्र तुझ्या वर्गात मी स्वतः वाचून दाखवीन. चष्मा सापडलेलाच आहे.

उत्तर लेखी हवं. शुक्रवार, दि. २१ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. फोन उचलणार नाही.

आई