कॅमेरा फितूर झाला

रविवार, २ फेब्रुवारी
कॅमेरा आला! खोक्यातून काढल्याबरोबर पारदर्शक प्लास्टिक चढवलं, चारी बाजूंनी सेलोटेप. भिंगावर दुहेरी घेतलं, सगळ्यात नाजूक तेच. आपल्या घरातला रिमोट, मिक्सर, सोफा आजही दुकानातून आणल्यासारखे आहेत, ते काही उगाच नाही. (उन्हाळ्यात सोफ्याला मांड्या चिकटतात. पण सोफा नवा आहे.) ही म्हणाली, आता ह्यालाही का? दुर्लक्ष केलं.

लेकीला नाट्यशाळेत प्रवेश हवाय. अभिनयाचा व्हिडिओ पाठवायचा, चेहऱ्यावरचे भाव स्वच्छ दिसले पाहिजेत. शेवटची तारीख वीस. मेहुणा म्हणाला, मोबाईलवर काढून देतो की, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, मामाने काढलेल्यात आणि बापाने काढलेल्यात फरक असतो. लेकीला शब्द दिलाय.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पहिलं शूटिंग. बैठकीतल्या पडद्यापुढे लेकीने विश्वासघात झालेल्या बाईचं स्वगत केलं. माझ्याच डोळ्यांत पाणी. मग टीव्हीवर लावलं. लेक साबणाच्या पाण्यात बुडालेली. नाक कुठे, डोळे कुठे, काही पत्ता नाही. आवाज मात्र खणखणीत.

निदान: उजेड कमी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
दणदणीत बल्ब लावले. लेक घामाघूम. टीव्हीवर आता नुसता उजेडच दिसतो, लेक नाही. निदान बदललं: मेमरी कार्ड. हल्ली कार्डं बनावटच असतात.

रविवार, ९ फेब्रुवारी
नवं कार्ड. नवी केबल. क्वालिटीचं सेटिंग सगळ्यात वरचं. तेच! शेवटी माहितीपुस्तिका वाचली (माणसाने कमीपणा मानू नये). भिंग मऊ कापडाने पुसा, असं लिहिलंय. पुसलं. प्लास्टिकवरूनच, अर्थात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दुकानात नेला. आधी प्लास्टिक हलक्या हाताने उतरवून घडी घालून कपाटात ठेवलं. दुकानदाराचे हात कसे असतील सांगता येत नाही, उगाच प्लास्टिक खराब व्हायचं.

त्याने समोरच शूटिंग करून दाखवलं. त्याच्या मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा. म्हणाला, काही दोष नाही साहेब.

घरी आणला. पुन्हा प्लास्टिक चढवलं, सुरू केला. साबणाचं पाणी! म्हणजे हा कॅमेरा माणूस बघून वागतो. परक्यापुढे गुणी बाळ, घरी आला की रंग दाखवतो. मेहुण्याचीच जात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
पुन्हा प्लास्टिक उतरवलं, पुन्हा दुकान, पुन्हा तिथे स्वच्छ. दुकानदाराने विचारलं, घरी तुम्ही ह्याला नेमकं करता तरी काय? मला? मला विचारतो? काहीतरी लपवतोय हा माणूस.

रविवार, १६ फेब्रुवारी
लेक पुन्हा उभी राहिली. हल्ली रडायच्या जागी तिला जांभई येते. मी म्हटलं, बापावर विश्वास ठेव. ती म्हणाली, ठेवलाय की. आणि आईकडे पाहिलं. दोघी अलीकडे एकमेकींकडे फार पाहतात. मेहुणाही चहाला टपकला होता, तोही पाहत होता.

उद्यापासून टीव्ही तपासायचा. टीव्हीवरचा माझा विश्वास कधीचाच उडालाय.

बुधवार, १९ फेब्रुवारी
घात झाला!

उद्या शेवटची तारीख, म्हणून निदान आवाज तरी नीट तपासावा म्हटलं. रविवारचं शूटिंग पहिल्यापासून लावलं. मी स्टूल आणायला आत गेलो, तेव्हा कॅमेरा चालूच राहिलेला. टीव्हीवर तीन पांढरे ढग. हिचा ढग विचारतो, पाठवलास ना गं व्हिडिओ? लेकीचा ढग म्हणतो, गुरुवारीच, मामाने एका दमात काढला, पण बाबाला सांगू नका, त्याचं चालू दे. तिसरा ढग हसतो. ते हसू मी कुठेही ओळखेन.

माझ्याच घरात! माझ्याच बल्बांच्या उजेडात! ज्या लेकीसाठी मी दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या, तिनेच. फार लागलं मनाला. ह्या घरात माझ्याशी खरं बोलला तो एकटा कॅमेरा.

जेवलो नाही. म्हणजे भूक होती तेवढंच जेवलो.

शनिवार, २२ फेब्रुवारी
अबोला धरलाय. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. ही म्हणाली, घसा बसलाय का, गरम पाणी देऊ?

शुक्रवार, ७ मार्च
लेकीची निवड झाली. मामाच्या मोबाईलवरच्या व्हिडिओवर.

मी अभिनंदन म्हणालो, पण कोरडं. तिने विचारलं, बाबा, झालंय काय तुला? मग सांगून टाकलं, सगळं ऐकलंय म्हणून. वाटलं, आता रडेल, पाया पडेल. तसलं काही नाही. म्हणाली, बाबा, पाठवून झाल्यावरही मी उभी राहत होते ना तुझ्यासमोर? ते कशाला असेल?

मी म्हटलं, विचार करून सांगतो. उद्या सुचेल.

शनिवार, १५ मार्च
(नाही सुचलं.)

लेक आज वसतिगृहात राहायला गेली. निघताना कॅमेरा हातात घेतला, म्हणाली, बाबा, हे काढू का? आणि मी बोलायच्या आत टराटरा फाडलं. दुहेरीसुद्धा. म्हणाली, आता काढ माझं शूटिंग. दारात बॅग घेऊन उभी राहिली, टॅक्सी येईपर्यंत. स्वगत नाही, काही नाही. नुसती उभी.

संध्याकाळी टीव्हीवर लावलं. स्वच्छ. भुवईवरचा लहानपणीचा व्रण दिसतोय. हसतेय, पण खालचा ओठ थरथरतोय. दारात उभा होतो तेव्हा मला हे दिसलंच नव्हतं.

दुकानदार निर्दोष. मेहुण्याचा निकाल राखून ठेवतो.

तिथेच थांबवून बघावं म्हटलं. पण रिमोटचं ते बटण प्लास्टिकमधून दाबलंच जाईना. दाबतोय, दाबतोय, तोवर ती वळली, टॅक्सीत बसली, गेली. पुन्हा लावलं, पुन्हा गेली. ही उठली. आत जाऊन कात्री घेऊन आली.

रिमोटचंही काढलं.